तीन थर, एकच विषाणू: जाड आणि बारीक काठ्यांच्या मिश्रणाचे प्रकरण

बोस्टनजवळच्या वॉल्थॅमला ब्रँडाइस विद्यापीठ आहे. तिथल्या सेथ फ्रेडन यांच्या प्रयोगशाळेत कर्स्टिन पर्डी यांनी एकाच काठीसारख्या विषाणूची दोन रूपे खारट पाण्यात एकत्र केली आणि मिश्रण दाट करत नेल्यावर त्याचे किती थर होतात ते नोंदवले. दोन्ही रूपांची लांबी सारखी, आतला गाभा तोच. फरक एवढाच, की एका रूपावर पॉलिमरचा अंगरखा चढवलेला होता, म्हणून ते जाड. या दोघांत तेल-पाण्यासारखे वैर नाही. एकमेकांना चिकटण्याचीही सोय नाही. तरीही ठरावीक दाटपणाला मिश्रणाचे तीन थर झाले, आणखी दाट केल्यावर दोन उरले, आणि त्या दोन्ही थरांत काठ्या रांगेतच उभ्या होत्या.

हे काम २००५ साली 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये आले. सैद्धांतिक बाजू हंगेरीचे साबोल्च वर्गा आणि लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील अम्पारो गालिंदो व जॉर्ज जॅक्सन यांनी सांभाळली. निबंध चार-पाच पानांचा आहे, पण काठ्यांच्या मिश्रणाबद्दल तोवर कागदावर असलेले चित्र त्याने एका नेमक्या जागी खोटे ठरवले. ती जागा कोणती आणि चूक नेमकी कशात होती, हे पाहण्यासाठी हे प्रकरण उलगडू.

रांगेत येण्याचे कारण

ऊसतोडीच्या हंगामात ट्रॉली भरताना ऊस कधी आडवेतिडवे टाकत नाहीत. एका दिशेने लावले तरच माल मावतो. ट्रॉलीत हे काम माणूस करतो. पाण्यातल्या सूक्ष्म काठ्यांना लावणारा कोणी नसतो, तरी त्या पुरेशा दाट झाल्या की आपोआप एका दिशेला वळतात. ऊर्जेचा काही फायदा होतो म्हणून नव्हे, तर एन्ट्रॉपी, म्हणजे शक्य असलेल्या मांडण्यांची संख्या दाखवणारे माप, वाढते म्हणून. ऐकताना हे उलटे वाटते, कारण शिस्त म्हणजे एन्ट्रॉपी कमी, असे आपल्या डोक्यात पक्के बसलेले असते. इथे हिशोब दोन खात्यांचा आहे. रांगेत आल्यावर काठी वाटेल तिकडे तोंड करण्याचे स्वातंत्र्य गमावते, पण शेजारणी आड येत नसल्याने तिला इकडेतिकडे सरकायला जास्त जागा मिळते. दाटी एका मर्यादेपलीकडे गेली की दुसऱ्या खात्यातली कमाई पहिल्यातल्या तोट्याला मागे टाकते.

हा हिशोब नॉर्वेत जन्मलेल्या लार्स ऑन्सेगर यांनी १९४९ साली मांडला. त्याआधीची निरीक्षणे होतीच. १९२५ मध्ये त्सोखर यांनी व्हॅनेडियम पेंटॉक्साइडच्या काठ्यांत ही शिस्त पाहिली होती. १९३६ मध्ये बॉडन, पिरी, बर्नाल आणि फँकुखेन यांनी तंबाखूच्या पानांवर रोग पाडणाऱ्या विषाणूच्या शुद्ध द्रावणाचे दोन थर झालेले दाखवले. वरचा साधा, खालचा ध्रुवित प्रकाशात चमकणारा. वरच्या थराला समदिक् म्हणतात, कारण त्यात काठ्या सगळ्या दिशांना तोंड करून असतात. खालचा नेमॅटिक: काठ्या एका दिशेला, पण जागेची काही ठरलेली मांडणी नाही.

ऑन्सेगर यांची युक्ती साधी होती. एका काठीमुळे दुसरीला किती जागा वर्ज्य होते एवढेच मोजायचे. लांबी जाडीच्या मानाने प्रचंड असेल तर हे वर्जित घनफळ दोघींच्या लांबींचा गुणाकार, दोघींच्या जाडीची बेरीज आणि त्यांच्यातल्या कोनाची ज्या (साइन), या तिन्हींच्या गुणाकाराइतके येते. काठ्या समांतर असल्या की कोन शून्य, म्हणून वर्ज्य जागाही शून्य. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे सगळे प्रकरण याच शून्यावर येऊन अडणार आहे.

या हिशोबातून एक आकडा मिळतो. समदिक् अवस्था संपते तेव्हा काठ्यांनी व्यापलेला घनफळाचा हिस्सा जाडी भागिले लांबी गुणिले ३.२९ इतका असतो, आणि नेमॅटिक सुरू होते तेव्हा हाच गुणक ४.१९ असतो. काठी जाडीच्या १३३ पट लांब असेल तर हे हिस्से सुमारे २.५ आणि ३.१ टक्के होतात. शंभरातले सत्त्याण्णव भाग पाणी, तरी काठ्यांना दाटी झाली!

काठी कुठून आणली

कारखान्यात बनवलेल्या कोलॉइडी, म्हणजे द्रवात तरंगणाऱ्या सूक्ष्म काठ्यांची मोठी अडचण अशी, की त्या सारख्या लांबीच्या नसतात. लांबीत फरक असला की तोच मिश्रणाचा एक प्रकार होतो. लांब काठ्या नेमॅटिक थरात आणि आखूड समदिक् थरात जमा होतात, आणि मग दिसलेला परिणाम जाडीमुळे की लांबीमुळे, हे सांगता येत नाही. जाडीचाच परिणाम तपासायचा तर लांबी कडक सारखी हवी.

ती सोय एफडी नावाच्या विषाणूत आहे. ई. कोलाय जिवाणूला लागणारा हा तंतुसदृश जिवाणूभक्षी, एम१३ या विषाणूचा सख्खा भाऊ म्हणावा असा. लांबी ८८० नॅनोमीटर, जाडी ६.६ नॅनोमीटर. आत ६,४०८ अक्षरांचा एकेरी, वर्तुळाकार डीएनए आणि भोवती सुमारे २,७०० प्रथिनांचे कवच. डीएनएच्या लांबीवरूनच विषाणूची लांबी ठरते, म्हणून प्रत्येक काठी दुसरीइतकीच. जिवाणू वाढवा, विषाणू वेगळे काढा, अतिवेगी अपकेंद्रीने शुद्ध करा, आणि कोणत्याही रसायनशास्त्रज्ञाला जमणार नाहीत इतक्या एकसारख्या अब्जावधी काठ्या हाती येतात. (२०१८ चे रसायनशास्त्राचे अर्धे नोबेल ज्या फेज डिस्प्ले तंत्राला मिळाले, त्यातही याच घराण्यातले तंतुमय विषाणू वापरतात. पदार्थविज्ञानवाल्यांनी ते आयतेच उचलले असे म्हणायला हरकत नाही.)

जाड काठी बनवण्यासाठी याच विषाणूच्या कवचावर पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या साखळ्या रासायनिक बंधाने बसवल्या. साखळ्या पाण्यात फुगून काठीभोवती मऊ थर तयार करतात. तळाशी तीच काठी, वर गोधडी.

मिठाची किल्ली

आता या प्रयोगातला मला सर्वात आवडणारा भाग. जाडीचे गुणोत्तर बदलायचे तर दर वेळी नवी काठी बनवावी लागेल असे वाटते. तशी गरज पडली नाही. पाण्यातले मीठ बदलले की पुरे.

उघड्या एफडीवर ऋण प्रभार भरपूर असतो, त्यामुळे दोन काठ्या प्रत्यक्ष टेकण्याच्या बऱ्याच आधी एकमेकींना ढकलतात. म्हणजे त्यांची वागण्यातली जाडी ६.६ नॅनोमीटरपेक्षा जास्त. प्रभारित काठीला अशा परिणामी जाडीची कडक काठी समजावे, हे ऑन्सेगर यांनी १९४९ च्या लेखातच सुचवले होते. ही जाडी मिठावर अवलंबून असते, कारण मिठाचे आयन प्रभार झाकतात. द्रावणातील आयनी बल, म्हणजे मिठाच्या आयनांचे प्रमाण, १ मिलिमोलर असेल तर प्रभाराचा प्रभाव साडेनऊ-दहा नॅनोमीटरपर्यंत जाणवतो. १० मिलिमोलरला तो ३ वर येतो आणि १०० मिलिमोलरला जेमतेम १ नॅनोमीटर उरतो.

अंगरखा घातलेल्या काठीला या सगळ्याचे फारसे काही वाटत नाही. तिचा प्रभार गोधडीखाली दबलेला, म्हणून मीठ पुरेसे असेल तेव्हा तिची जाडी पॉलिमरच ठरवतो. मीठ वाढवले की बारीक काठी आणखी बारीक होते, जाड तशीच राहते, गुणोत्तर वाढते. मीठ कमी केले की बारीक काठी प्रभाराने फुगते आणि दोघी जवळजवळ सारख्या होतात. याच मार्गाने जाडीचे गुणोत्तर १.१ पासून ३.७ पर्यंत फिरवता आले. दोन बाटल्यांतले विषाणू तेच, फक्त मीठ वेगळे.

नळीत काय दिसले

मांडणीत चमकदार काही नाही. वेगवेगळ्या प्रमाणांत मिसळायचे, बारीक नळीत भरायचे, थर बसेपर्यंत थांबायचे, मग काटकोनात ठेवलेल्या दोन पोलरायझरमधून पाहायचे. समदिक् थर काळा दिसतो, नेमॅटिक उजळ. प्रत्येक थरात दोन्ही काठ्या किती हे मोजून आलेखावर बिंदू मांडायचे. काम चिकाटीचे आहे. असे आलेख एका निरीक्षणातून होत नाहीत.

एफडीच्या नेमॅटिक अवस्थेत खरे तर दिशेला हळूहळू पीळ असतो, म्हणून तिला काटेकोरपणे कोलेस्टेरिक म्हणायला हवे. पण हा पीळ काठीच्या लांबीच्या मानाने इतका सैल, की फेज आलेखाच्या (कोणत्या मिश्रणाचे कोणते थर होतात हे दाखवणाऱ्या आलेखाच्या) हिशोबात त्याचे वजन नगण्य. लेखकांनी नेमॅटिकच म्हटले आहे, मीही तेच म्हणतो.

गुणोत्तर मोठे असताना दाटपणा वाढवत गेले की क्रम असा: आधी एकच समदिक् द्रव. मग समदिक् आणि नेमॅटिक शेजारी. यात जाड काठ्या नेमॅटिकमध्ये जमा होतात, बारीक समदिक् मध्ये मागे राहतात, कारण जाड काठ्यांना शिस्तीची गरज कमी संख्येतच पडते. त्यानंतर तीन थर: समदिक्, जाडबहुल नेमॅटिक आणि बारीकबहुल नेमॅटिक. त्याहून दाट केले की समदिक् थर संपतो आणि दोन नेमॅटिक शिल्लक राहतात. दोन्ही उजळ, मध्ये रेघ.

इथपर्यंत कोणाला फार धक्का बसला नसता. धक्का गुणोत्तर कमी केल्यावर बसला. दोन नेमॅटिकांचा प्रदेश खालच्या समदिक्-नेमॅटिक प्रदेशापासून सुटून वर तरंगू लागला. म्हणजे मिश्रण दाट करत गेल्यास आधी समदिक्, मग दोन्ही काठ्या गुण्यागोविंदाने मिसळलेली एकच नेमॅटिक, आणि आणखी दाट केल्यावर त्या एका नेमॅटिकची दोन नेमॅटिकांत फाळणी. त्या प्रदेशाला स्वतःचा तळ होता. दोन थरांतला फरक शून्य होतो असा बिंदू, ज्याला खालचा क्रांतिक बिंदू म्हणतात. आधीच्या सैद्धांतिक कामात असा तळ नव्हता. निबंधाच्या सारांशात लेखकांनी हा विरोध आडपडदा न ठेवता मांडला आहे.

फारकत होतेच का

मुळात वेगळे व्हायचे कारण काय, हे कागदावर चार ओळींत तपासता येते. बारीक काठीची जाडी १, जाड काठीची ३.७ धरू. दोघी एकमेकींची किती जागा अडवतात हे जाडींच्या बेरजेवर ठरते. बारीक-बारीक जोडी २, जाड-जाड ७.४, जाड-बारीक ४.७. आता २ आणि ७.४ यांची सरासरी काढा. ४.७ च येते. परकी जोडी दोन घरच्या जोड्यांच्या बरोबर मध्यावर. मग भांडण कसले?

भांडण दाबामुळे. शेजारच्या दोन थरांत काठ्यांची संख्या सारखी असण्याचे बंधन नाही, दाब मात्र सारखा लागतो. विस्कळीत काठ्यांच्या दाट द्रावणात, समान दाबाला, काठ्यांची संख्या जाडीच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. ३.७ चे वर्गमूळ १.९२. म्हणून बारीकांच्या थरात संख्या १ असेल तर जाडांच्या थरात ०.५२. आता जाड काठी आपल्या घरी राहिली तर तिला होणारी दाटी ०.५२ गुणिले ७.४, म्हणजे ३.८५. बारीकांच्या घरी गेली तर १ गुणिले ४.७, म्हणजे ४.७. बारीक काठीला आपल्या घरी २ इतकी दाटी, जाडांच्या घरी २.४४. परक्या घरी दोघींचीही अडचण वाढते. कोणाचा कोणावर राग नसताना फारकतीचे बीज पडले ते असे.

हा हिशोब ढोबळ आहे. शिवाय मिसळण्यातून मिळणारी एन्ट्रॉपी फारकतीच्या विरुद्ध ओढते. समदिक् अवस्थेत तिचेच पारडे जड राहिले, दोन समदिक् थर या प्रयोगात दिसले नाहीत. नेमॅटिकमध्ये आणखी एक गोष्ट भरीला येते. शुद्ध बारीकांच्या थरात काठ्यांना बऱ्यापैकी डुलायला मुभा असते. शुद्ध जाडांच्या थरात तेवढ्याच संख्येला शिस्त कितीतरी कडक लागते, डुलण्याचा कोन सुमारे जाडीच्या व्यस्त प्रमाणात आवळतो. मिश्रणात बारीक काठीला जाडांची शिस्त पाळावी लागते, तिच्या स्वतःच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त. वेगळे झाल्यावर ती पुन्हा डुलू शकते. ही दिशेची कमाई मिसळण्याच्या कमाईपेक्षा मोठी ठरली की दोन नेमॅटिक.

शून्य नसलेले शून्य

आता अडचणीची जागा. रेने व्हान रोइज आणि बेला मुल्डर यांनी १९९६ मध्ये दाखवले होते, की अतिलांब काठ्यांच्या हिशोबात, दाट नेमॅटिकमध्ये, दिशेची एन्ट्रॉपी आणि मिसळण्याची एन्ट्रॉपी यांची झुंज दाटपणावर अवलंबूनच नसते. दाटी दुप्पट झाली तर कोन त्या मानाने आवळतात, पण दोन प्रकारांतला फरक तेवढाच राहतो. म्हणून त्यांच्या चित्रात दाटपणा वाढवून फारकत मिटवता येत नाही. ज्या झुंजीचा निकाल दाटपणावर ठरत नाही, ती झुंज मिसळलेल्या नेमॅटिकमधून दाटपणा वाढवल्यावर नव्याने फारकत सुरू करेल, हेही अवघडच. प्रयोगात मात्र नेमके तेच घडत होते.

दाटपणावर अवलंबून असे काहीतरी हिशोबातून गळले होते. ते त्या शून्यात होते. काठ्या समांतर झाल्या की वर्ज्य जागा शून्य, हे अनंत लांबीच्या काठीला चालते. खऱ्या काठीला जाडी आहे आणि टोकही आहे. समांतर ठेवलेल्या दोन काठ्याही एकमेकींच्या आत शिरू शकत नाहीत, म्हणून वर्ज्य जागेत कोनावर अवलंबून नसलेला एक तुकडा कायम उरतो. विरळ द्रावणात तो इतका छोटा, की सोडला तरी चालतो. पण दाटी वाढली, कोन आवळत गेले, कोनावर अवलंबून असलेला भाग आटत गेला, की हाच तुकडा वर येतो. आणि त्याचे वजन दाटपणाबरोबर वाढते. झुंजीचा निकाल आता दाटपणावर ठरू लागतो.

वर्गा, गालिंदो आणि जॅक्सन यांच्या हाती ऑन्सेगरच्या सिद्धांताची सुधारित आवृत्ती होती. मर्यादित लांबी धरून आणि दोन-दोन काठ्यांच्या पलीकडची गर्दी अंदाजाने सामावून घेण्यासाठी वर्ज्य जागेच्या मूळ पदाला दाटपणानुसार मोठे करणारी. या युक्तीचे मूळ पार्सन्स यांच्या १९७९ च्या आणि ली यांच्या १९८७ च्या कामात आहे. ती वापरल्यावर तरंगणारा प्रदेश आणि त्याचा खालचा क्रांतिक बिंदू कागदावर उतरला.

आकडे मात्र जुळले नाहीत, जुळले ते चित्र. लेखकही 'गुणात्मक' एवढाच शब्द वापरतात. यात कमीपणा नाही. सिद्धांतातली काठी ताठ आहे, एफडी नाही. त्याची वाकण्याची मोजपट्टी, म्हणजे किती अंतरापर्यंत दिशा टिकते ती लांबी, दोन-तीन मायक्रोमीटरच्या आसपास, म्हणजे स्वतःच्या लांबीच्या अडीच-तीन पट. वाकडा होत नाही, पण लवतो. बांबू नव्हे, फोकच. लवणाऱ्या काठीला रांगेत ठेवायला जास्त एन्ट्रॉपी मोजावी लागते, म्हणून एफडीची नेमॅटिक ताठ काठीच्या हिशोबापेक्षा जास्त दाटपणाला येते. त्यात प्रभाराला 'परिणामी जाडी' म्हणणे हेही एक सोयीचे सोंगच आहे. दोन प्रभारित काठ्या काटकोनात राहणे पसंत करतात, कडक काठीला अशी काही पसंती नसते. आणि पॉलिमरची गोधडी दाबली तर दबते. इतक्या तडजोडी करून चित्र जुळावे, हे मला आकडे जुळण्यापेक्षा जास्त विश्वासार्ह वाटते.

पुढे

मिश्रणाचा खेळ ब्रँडाइसमध्ये थांबला नाही. २०१४ साली झ्वोनिमिर डॉगिच यांच्या गटाने 'नेचर'मध्ये दुसऱ्या एका जोडीचे काम छापले. पहिल्या लेखिका प्रेरणा शर्मा, ज्या पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आल्या. या जोडीत फरक जाडीचा नव्हता. ८८० नॅनोमीटरची काठी आणि १,२०० नॅनोमीटरची काठी, आणि दोघींचा पीळ उलट्या दिशांचा. पाण्यात डेक्स्ट्रान नावाचा पॉलिमर घालून या काठ्यांचा, एका काठीच्या लांबीइतका जाड असा पडदा बनवला. नुसत्या लांबीचा प्रश्न असता तर आखूड काठ्या एकत्र येऊन मोठे डबके झाल्या असत्या. तशा झाल्या नाहीत. लांब काठ्यांच्या पडद्यात आखूड काठ्यांचे सुमारे एकसारख्या आकाराचे, मायक्रोमीटरभर रुंद तराफे तयार झाले आणि जवळ आले तरी एकमेकांत मिसळेनात. प्रत्येक तराफ्याच्या कडेला पीळ आडवा येत होता.